अंगठ्याची जागा

हर्णैच्या लिलावात त्या दिवशी सुरमई कमी, माणसं जास्त.
मालिकावाले आले होते. दिवे, पांढऱ्या छत्र्या, एक जनरेटर
आणि खुनी.
खुनी तसा बरा मुलगा. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला त्याने.
म्हणाला, मावशी, सुरी धरायला शिकवाल?
माझं धरणं खोटं दिसतं.

शिकवलं. मूठ आवळायची नाही.
अंगठा पात्याच्या पाठीवर, थोडा तिरका.
जोर खांद्याचा, हाताने फक्त वाट दाखवायची,
आणि कल्ल्याखालची मऊ जागा सापडली की घाई नको.
तीन दिवस, दोन पाट्या बांगडा.
पैसे कंपनीने दिले.

लेखक जेटीवर पाठ टेकून बसायचा. त्याने गोष्ट सांगितली:
बंदरखात्यातला कारकून, भरती-ओहोटीचं कोष्टक लिहिणारा,
मोठ्या ओहोटीला एक जीव.
समुद्र म्हणजे त्याचं मन, मावशी.
पाणी ओसरलं की तळातलं उघडं पडतं.
मी म्हटलं, तुमचा तिसरा खून अष्टमीचा आहे.
अष्टमीला भांग. पाणी एवढं ओसरत नाही.
तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं,
खून अष्टमीलाच ठेवला.

आता रात्री साडेनऊला पाजपंढरीत कुत्रंही रस्त्यावर नसतं.
कारकून ओठ न हलवता बोलतो, फक्त आमच्याशी:
मी वाईट नाही. माझ्यात एकजण राहतो, तो उपाशी आहे.
तुळसाआते हात जोडते, हा सापडू नये म्हणून.
मीही. खोटं कशाला सांगू,
फौजदार जेटीवर आला तेव्हा तोंडातून गेलं, पळ रे.

मग त्याचं लहानपण, सगळं पिवळट:
बाप त्याला विहिरीत उलटा धरतो,
आई दारात तांदूळ निवडत राहते.
सगळ्यांनी डोळे पुसले.
विहीर आमचीच. कठडा गेल्या वर्षीचा, सिमेंटचा.

चौथी मेली ती होडीवाली. तिला नाव ठेवलं नव्हतं.
दोरकुळकरांची प्रणाली ती. दीड हजारासाठी
दोन तास ओल्या वाळूत पडली,
पापणीवर माशी बसली तरी हलली नाही.
आठ दिवस ताप.
होडीवालीचं लहानपण कुणी दाखवलं नाही.
तिचीही असेल एखादी विहीर.

त्याच भागात कॅमेरा हाताशी आला.
अंगठा पात्याच्या पाठीवर, थोडा तिरका.
अगो बाय, तुळसाआते ओरडली, ह्यो तुझाच हात!
पोरं हसली. मीही हसले.

जाताना त्या मुलाने विचारलं होतं,
मावशी, तुमचा हात कधी थरथरला?
मासा कापताना नाही, म्हटलं.
तो बरं म्हणाला, गाडीत बसला.
अर्ध्या उत्तरावर त्याचं भागलं.

एकोणीस वर्षं झाली. लाइट गेलेली, हा पिऊन उताणा,
माझी पाठ अजून चुरचुरत होती.
त्याच्या गळ्याची मऊ जागा वरखाली होत होती
आणि माझा अंगठा आपोआप आपल्या जागेवर गेला होता.
मग मी सुरी धुतली. कोरडीच होती, तरी धुतली,
आणि उजाडेपर्यंत ओट्यावर कोलंबी सोलत बसले.

कारण होतं. पाटीभर होतं.
ज्यांच्याकडे कारण होतं आणि ज्यांनी केलं नाही
त्यांचं ओठ न हलवता बोलणं
त्या चष्मेवाल्याच्या वहीत नसावं.

मंगळवारी शेवटचा भाग. कारकून सापडणार
की उधाणात निघून जाणार, नाक्यावर पैजा लागल्यात.
हा माझ्या शेजारीच बसून बघतो.
दारू सुटून आठ वर्षं झाली, आता गोड खातो.
काल म्हणाला, असा माणूस घरात असता
तर आपल्याला कळलं असतं, नाही?

हं, म्हटलं,
आणि त्याच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली,
काटे काढून.